देवासला नेलेलं अळणी

आमच्या धारला श्रावण दोनदा लागतो. हिंदी घरांचा सावन गुरुपौर्णिमा झाली की सुरू होतो आणि आपला मराठी श्रावण त्यानंतर पंधरवड्याने, अमावस्या गेल्यावर. म्हणून आधी माझी हिंदी गिऱ्हाइकं बंद होतात, मग मराठी. राखीला सावन संपतो आणि हिंदी गिऱ्हाईक परत येऊन विचारतं, ‘भिया, दुकान कब खुलेगी?’ तेव्हा मराठी घरांचा अर्धा श्रावण अजून बाकी असतो. मी आपल्या पंचांगाने चालतो. आपला श्रावण लागला की सुरा धुऊन, तेल लावून फडक्यात बांधून ठेवायचा, पोळा झाला की सोडायचा. वडील असंच करायचे.

आम्ही खाटीक. संस्थानाच्या फौजेबरोबर जी मराठी माणसं दख्खनहून इकडे आली, त्यांच्या मागोमाग आमचंही घर आलं असं वडील सांगत. शाळा आमची हिंदीत झाली. बाजारात माळवी आणि हिंदी, घरात मराठी, आणि घरातली मराठीसुद्धा जुनी. माझी बायको माझ्या बहिणीला शेवटपर्यंत ‘वन्सं’च म्हणत आली. पुण्याकडची एक पाहुणी ते ऐकून हसली होती. माझा मुलगा मराठी बोलतो, पण वाचायला दिली की कंटाळतो. तरी हे मी मराठीतच लिहितो आहे, कारण जिच्याबद्दल लिहायचं आहे ती माझ्याशी दुसऱ्या भाषेत कधी बोलली नाही.

ती माझी थोरली बहीण. आम्ही तिला जिजी म्हणायचो, इकडच्या रीतीने.

लोकांना वाटतं, मटण बाराही महिने सारखंच. तसं नसतं. पावसाळ्यात बकरा कोवळं गवत खातो, त्याचं मांस ओलं, सैल असतं, भांड्यात टाकलं की पाणी सोडतं. दिवाळीनंतर शेतं मोकळी होतात, बकरी सोयाबीनच्या कुटारात, हरभऱ्याच्या बांधावर फिरतात, आणि पौषात चरबी पांढरी, घट्ट होते. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि वाळका पाला. तेव्हाचा बकरा अंगाने सुकतो, पण त्याच्या रश्शाला जो वास येतो तो इतर वेळी येत नाही. हे मला धंद्याने शिकवलं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे जिजीने शिकवलं.

आईला दम्याचा त्रास होता. चुलीपुढे बसली की तिची छाती भरून यायची, त्यामुळे जिजी परकर नेसायच्या वयातच चुलीपाशी बसली. वडील तिरल्याच्या हाटात बकरे घ्यायला निघाले की आधी तिला विचारायचे, आज काय करणार आहेस? लहान होती तोवर ते तिला बरोबरही न्यायचे. ती बकऱ्याच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबून बघायची आणि मान हलवायची, हो किंवा नाही. बकरे विकायला आलेले गडरी, म्हणजे इकडचे धनगर, हसायचे. वडील हसायचे नाहीत. ती नाही म्हणाली तर ते पुढच्या बकऱ्याकडे जायचे.

पावसात ती रस्सा करत नसे. मांसाचं सुटलेलं पाणी कढईत आटवून आटवून त्यातच ते परतायची आणि मक्याच्या गरम रोटीबरोबर वाढायची. थंडीत लसणीची हिरवी पात आली की त्या पातीत कलेजी. हरभऱ्याचे घाटे सोलून त्या सोल्यांत खिमा. इकडे हिवाळ्यात गराडू नावाचा कंद येतो, लोक तो तेलात तळून, वर मसाला आणि लिंबू मारून खातात. जिजी तो बकऱ्याच्या चरबीत तळायची. मांडूची खुरासानी इमली, ती मोठ्या बुंध्याच्या झाडाची, लाकडासारख्या कवचातला तिचा पांढरा गर ती भिजत घालायची आणि माघातल्या मटणाला त्याचा आंबटपणा द्यायची. चैत्रात त्याच जागी कैरी यायची. धरमपुरीहून वडिलांचा एक ओळखीचा नावाडी कधीमधी नर्मदेचा मासा पाठवायचा, त्याला मात्र ती हळद आणि मिठापलीकडे काही लावू द्यायची नाही.

आणि घरात कोणी आजारी पडलं की अळणी. ज्यांच्याकडे मटण होतं त्यांना हे सांगायला नको, पण ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाडासकट मटण, हळद, आलं-लसूण, एखादा कांदा आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर शिजवायचं. तिखट-मसाला पडण्याआधी जे पिवळसर पाणी वर येतं ते अळणी. आमच्या घरात तापातून उठलेल्या माणसाचा पहिला घास तोच. बाळंतिणीला तेच. आईला दम्याच्या दिवसांत जिजी वाटीवाटीने तेच पाजायची.

तिचं लग्न देवासला झालं. आमच्यातलंच घर, पण तिच्या सासऱ्यांनी सुरा सोडून कारखान्यात नोकरी धरली होती आणि दाजीही तिथेच फिटर होते. दाजी म्हणजे तिचे यजमान. बोलायला कमी, जेवायला मनापासून. दिवाळीत दोघं यायची तेव्हा ते दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचे आणि काही न बोलता जिजीकडे बघायचे. तेवढं तिला पुरायचं. एक मुलगा झाला, मग मुलगी.

मुलगी शाळेत जायला लागली आणि तिला ताप आला, तो डोक्यात गेला. इंदूरच्या इस्पितळात ती कितीतरी दिवस कोणाला ओळखत नव्हती. दाजींच्या कारखान्यातला एक सोबती सत्संगाला जाणारा होता. त्याच्याबरोबर जाऊन दाजींनी नवस केला की मुलगी उठली तर मी मांसाला शिवणार नाही. मुलगी उठली. दाजींनी गळ्यात माळ घातली.

त्या वर्षी भाऊबीजेला जिजी आली. माझ्या बायकोने नेहमीसारखं ताट केलं. जिजीने त्यातली रश्शाची वाटी उचलून हलकेच बाजूला ठेवली.

बायकोने विचारलं, “वन्सं, उपास आहे का?”

“नाही,” जिजी म्हणाली. “सोडलं मी.”

वडील तेव्हा होते. ते खाली मान घालून जेवत राहिले आणि जेवण झाल्यावर बराच वेळ हात धूत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं की पोरगी आहे तोवर घरात मटण शिजवू नका. हे जिजीला कळलं तेव्हा ती रागावली. मी खात नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी का उपाशी राहायचं, असं म्हणत स्वतः पदर खोचून चुलीपाशी बसली. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा माहेरी आली तेव्हा आमच्यासाठी तिनेच रांधलं. चाखायची नाही. वाकून वास घ्यायची, पळीतलं पाणी थेंबथेंब सोडून बघायची आणि सांगायची, झालं. आम्हाला वाढायची, हात स्वच्छ धुवायची आणि डाळ-रोटी घेऊन बसायची.

देवासहून तिचे फोन यायचे. तेही मोसमाने. लसणीची पात आली का रे बाजारात? यंदा पाऊस लांबला, तिरल्याकडचे बकरे कसे आहेत? बायकोला बोलावून घ्यायची आणि आज काय करते आहेस ते विचारून मधेच थांबवायची, कांदा आधी नको, आधी मांसाचं पाणी आटू दे. असं किती वर्षं चाललं. मला ते ऐकून बरं वाटायचं. आपली बहीण लांब बसूनसुद्धा आपल्या चुलीवर आहे असं वाटायचं. तिच्या स्वतःच्या चुलीवर काय असतं ते मी कधी फारसं विचारलं नाही. घोसाळ्याला इकडे गिलकी म्हणतात; ती, भेंडी, कढी, दुसरं काय असणार.

दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. इंदूरला नेलं, उघडलं आणि फार काही न करता शिवून टाकलं. डॉक्टरांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना जे रुचेल ते द्या. भाची म्हणजे तीच तापातून उठलेली मुलगी. आता ती इंदूरला नोकरी करते, तिथेच सासर आहे. मुलगा पुण्याला. भाचीने रजा घेतली आणि आईजवळ देवासला येऊन राहिली.

मी श्रावणात दोनदा जाऊन आलो. जिजी पलंगावर अशी दिसायची की पांघरुणाखाली कोणी आहे की नाही कळू नये. तरी मला बघितलं की धारचं विचारायची. दुकान बंद असेल आता, म्हणाली. मी हो म्हटलं. बसून राहिलो आणि संध्याकाळच्या बसने परत आलो.

पोळा झाला, दुकान उघडलं आणि त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. आई काहीच खात नाही म्हणाली. मुगाचं पाणी, तांदळाची पेज, सगळं उलटून पडतं. मग तिने विचारलं, “मामा, अळणी म्हणजे काय हो? बिनमिठाचं ना?”

मी म्हटलं, का गं?

“आई झोपेत दोनदा म्हणाली, अळणी दे. मी बिनमिठाची पेज केली. तिने तोंड फिरवलं.”

मी दुकानात उभा होतो, समोर गिऱ्हाईक होतं. मी तिला सांगितलं, तो मटणाचा रस असतो, बेटा, आजाऱ्याला देतात. ती म्हणाली, “म्हणजे मी काय करू?” मी म्हटलं, तू काही करू नकोस, मी येतो.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दाजी काय म्हणतील? मी म्हटलं, दाजी जे म्हणतील ते त्यांच्या दारात ऐकून घेऊ, पण हे मी नेणार. दुसऱ्या दिवशी पहाटे एक लहानसा बकरा केला. पावसाळी होता, सगळेच पावसाळी होते, त्याला इलाज नव्हता. मानेचे आणि छातीचे तुकडे काढून घरी आणले. बायकोने ते मंद आचेवर ठेवले आणि बाजूला पाट घेऊन बसली. एरवी ती कुकरला लावते. त्या दिवशी तिने पातेल्यातच शिजवलं, वर ताट ठेवून, ताटात पाणी घालून, जिजी करायची तसं. वरचं तेल काढून टाकलं, दोनदा गाळलं आणि फिरकीच्या झाकणाच्या डब्यात भरलं. डबा टॉवेलात गुंडाळून मी पिशवीत घातला.

धारहून इंदूर, तिथे रिक्षाने दुसऱ्या अड्ड्यावर, मग देवासची बस. डबा मी मांडीवर धरला होता. हल्ली असं काही घेऊन बसमध्ये बसताना माणूस जपून बसतो. शेजारच्याने एकदा नाक वर करून इकडेतिकडे बघितलं. मी पिशवीवर उपरणं टाकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं, कमरेइतकं, हिरवंगार. मला एवढंच वाटत होतं की हे थंड होऊ नये.

दार दाजींनी उघडलं. ते आधीच उंच, त्यात वाकलेले, गळ्यात ती बारीक मण्यांची माळ. मी पायरीवरच थांबलो.

“दाजी,” मी म्हटलं, “यात अळणी आहे. जिजीने झोपेत मागितलं म्हणे. आत आणू का? नाही म्हणालात तर इथूनच परत जाईन, मनात काही ठेवणार नाही.”

ते पिशवीकडे बघत राहिले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, “आणा.”

स्वयंपाकघरात ओट्यावर एक लहान फळी होती, तिच्यावर त्यांच्या गुरूंची तसबीर. दाजींनी ती दोन्ही हातांनी उतरवली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन स्वतः गॅस पेटवून दिला. भाचीने पातेलं काढलं. मी ओतलं. त्या घरात तो वास पहिल्यांदाच दरवळला असेल, निदान एवढ्या वर्षांत. भाची ओट्याला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते.

वाटी घेऊन आम्ही खोलीत गेलो तेव्हा जिजी जागी होती. वास तिला आधीच लागला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे.

“कशाला आणलंस?” ती म्हणाली. “परत ने.”

मी म्हटलं, तू मागितलंस. ती म्हणाली, झोपेतलं मागणं काय धरून बसतोस. मग डोळे मिटून घेतले. मी वाटी खाली ठेवणार तेवढ्यात दाजी दारातून पुढे आले. त्यांना मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले की माळ मी घातली होती, नवस माझा होता, तुला मी एका शब्दाने कधी सांगितलं नाही की तूही सोड.

“नाही सांगितलंत,” जिजी म्हणाली. “पण एका घरात दोन चुली करायच्या होत्या का? आणि मी खाल्लं असतं आणि पोरीला पुन्हा काही झालं असतं, तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?”

दाजी पलंगाच्या कडेला बसले. “मला वाटलं, तुझीच इच्छा उरली नाही,” ते म्हणाले. “तू कधी बोलली नाहीस.”

तेव्हा भाची बोलली. भिंतीकडे तोंड करून.

“आई, मी खाते.”

जिजीने डोळे उघडले.

“कॉलेजात असल्यापासून खाते. तुला सांगायची हिंमत झाली नाही. मला काही झालं नाही, आई.”

मला वाटलं, आता जिजी रडेल किंवा रागावेल. तिने दोन्ही केलं नाही. बराच वेळ मुलीकडे बघत राहिली, नीट, लहान मुलाच्या अंगावर कुठे लागलंय का बघावं तशी. मग विचारलं, “कुठे खातेस?”

“हॉटेलात. कधी घरी, हे करतात.”

“तुला येत नाही?”

भाची म्हणाली, “कोण शिकवणार होतं?”

ते ऐकून जिजीचा चेहरा जो झाला, तो मला विसरता येत नाही. आजारपणात तिने एवढं सोसलं, पण त्या एका वाक्यासारखं काही तिला लागलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने मुलीला जवळ बोलावलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि माझ्याकडे बघून तोंड थोडं उघडलं.

मी चमचा धरला. पहिला चमचा तिने तोंडात धरून ठेवला, गिळतच नव्हती. मी घाबरलो. मग तिने गिळला आणि डोळे न उघडता म्हणाली, “पावसातला आहे.”

मी म्हटलं, हो जिजी, आता तसेच मिळतात.

दुसरा चमचा गेला. तिसऱ्यातलं थोडं ओठाच्या कडेने खाली आलं, भाचीने ते पदराने टिपलं. बस, म्हणाली. तिला झोप लागली. त्या दिवशी तिला उलटी झाली नाही एवढं मात्र झालं.

मी निघायची तयारी करू लागलो तर डबा सापडेना. मागच्या अंगणात गेलो. दाजी नळापाशी उकिडवे बसून डबा घासत होते. माळ शर्टाच्या आत सारली होती. मी म्हटलं, दाजी, राहू द्या, मी घरी नेऊन धुईन. ते म्हणाले, “असू द्या.” झाकणाच्या आट्यांत अडकलेली हळद ते नखाने काढत होते. मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी डबा पुसून कोरडा करून माझ्या हातात दिला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मी पुन्हा एकदा अळणी घेऊन गेलो. पण तोवर ती तोंड उघडत नव्हती, कापसाने ओठ ओले करायचे. ते पातेलं तसंच राहिलं आणि भाचीने नंतर ते काय केलं मी विचारलं नाही. गणपती बसले होते, गल्लीत मंडप होता. जिजी गेली त्या दिवशी मंडळाच्या पोरांनी आम्ही न सांगताच भोंगा बंद केला आणि आम्ही स्मशानातून परतेपर्यंत लावला नाही. त्यांतल्या कित्येकांना तिने खीर-पुरी खाऊ घातली असेल.

आमच्यात रीत अशी आहे की तेरावं झालं की माहेरच्यांनी मटणाचं जेवण घालून दुखवटा मोडायचा. त्याशिवाय त्या घराचे पुढचे सण सुरू होत नाहीत. मी दाजींना काही विचारलं नाही. भावकीतले दोघेतिघे कुजबुजले, भाऊ खाटीक आणि बहिणीचं जेवण कोरडं गेलं म्हणून. मी ऐकून घेतलं. आमची रीत त्या घरात जिजीनेच बंद केली होती, ती तिच्या नावाने मी कशी चालू करणार?

दिवाळीनंतर भाची एका रविवारी धारला आली. मामी, मला शिकवा म्हणाली. बायकोने मटण धुतलं, तिला पाटावर बसवलं, हळद घालायला लावली. पातेल्यातून पहिली वाफ आली आणि भाची उठून परसात गेली. बायको मागून गेली तर ती पेरूच्या झाडापाशी उभी राहून रडत होती. म्हणाली, मामी, हा वास आला की आता मला फक्त आईची खोली आठवते. त्या दिवशी तिने वरण-भातच खाल्ला. आता हॉटेलातही खात नाही असं तिचा नवरा मला फोनवर म्हणाला. मी त्याला म्हटलं, जबरदस्ती करू नका, खावंसं वाटेल तेव्हा खाईल. तिला तसं पुन्हा कधी वाटेल अशी मला आशा नाही.

पौषात दाजी आले. न कळवता, एकटे, हातात जिजीच्या दोन लुगड्यांची पिशवी. ती माझ्या बायकोसाठी होती. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जाणार होता आणि देवासचं घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, त्याआधी एकदा येऊन जावं वाटलं म्हणाले. बायकोने वेगळी भांडी काढून त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं, मोकळं, शेंगदाणा तेलातलं. ते जेवले. मग मला म्हणाले, तिरल्याचा हाट आज असतो ना? मला घेऊन चला.

स्कूटरवर त्यांना मागे बसवून मी नेलं. बकऱ्यांचा हाट एका बाजूला भरतो, बाभळींखाली. थंडीचे दिवस, बकरे चांगले भरलेले. दाजी कडेकडेने चालत होते, धोतराचा सोगा सावरत, एवढ्या वर्षांनी त्या वासात उभे. मी त्यांना दाखवलं, वडील इथे उभे राहायचे, जिजी अशी मधे घुसायची. पाठीवर ती अंगठा कसा दाबायची ते एका बकऱ्यावर करून दाखवलं. त्यांनी हात पुढे केला नाही, पण वाकून नीट बघितलं.

नंतर आम्ही चहा घेऊन एका ओट्यावर बसलो. ते म्हणाले, तिला काय काय आवडायचं ते सांगा. मी सांगायला लागलो. थंडीतली पातीतली कलेजी, चरबीत तळलेला गराडू, मांडूची इमली. नळीतला मगज काढायला ती नळी ताटावर कशी आपटायची आणि आई कशी ओरडायची. मुंडीतली जीभ ती स्वतःसाठी लपवून ठेवायची आणि वडिलांना ते ठाऊक असायचं. मी बराच वेळ बोललो. चहा निवून गेला. दाजी सगळं ऐकत होते, मधे काही न विचारता.

माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, “गिलकीची भाजी ती फार छान करायची. मला वाटायचं, तिला तीच आवडते.”

गिलकी तिला लहानपणी बिलकुल आवडत नव्हती हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना इंदूरच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. आता पुण्याला कधी येता, त्यांनी विचारलं. येईन म्हटलं. कंडक्टरने घंटा मारली. दाजींनी मफलर कानावर ओढला, रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत बसले. बस चौकातून वळेपर्यंत मी तिथे उभा होतो, मग दुकानाकडे गेलो. थंडीतलं गिऱ्हाईक वाट बघत होतं.